जहाजावरचा चित्रकलेचा वर्ग: नोकरी की पाहुणचार?

पत्र: मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहे. वय 54. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झाल्यापासून हेच काम. दरवर्षी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवते. माझं स्वतःचं काम तैलरंगात, बहुतेक व्यक्तिचित्रं. मागच्या दिवाळीत भाचीनं तिच्या क्रूझचे फोटो दाखवले. त्यात एक बाई जहाजावर प्रवाशांना जलरंग शिकवत होत्या. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. चौकशी केली तेव्हा नवी मुंबईतल्या एका एजंटनं सांगितलं, की आर्ट इन्स्ट्रक्टरची जागा आहे, महिना दीड लाख पगार, राहणं-जेवण फुकट, शिवाय यजमानांनाही नेता येईल. त्यासाठी 'प्रोसेसिंग'चे एक लाख ऐंशी हजार आधी भरायचे. निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. स्वेच्छानिवृत्ती घेऊ का? माझं इंग्रजी जेमतेम आहे. आणि शाळेतले सहकारी म्हणतात, की सुट्टीवर आलेल्या श्रीमंत म्हाताऱ्यांच्या हातात ब्रश देणं हे शिकवणं नव्हे, तो त्यांचा टाइमपास. मला तसं वाटत नाही, पण त्यांना उत्तरही देता येत नाही. काय करू?

ताई,

आधी पैशाचं बोलू. ते एक लाख ऐंशी हजार भरू नका. स्वेच्छानिवृत्तीचा अर्जही लिहू नका. आणि जायचा विचार मात्र सोडू नका. या तिन्ही गोष्टी मी एकाच दमात का सांगतो आहे, ते समजून घ्या.

जहाजावर काम करायला जाण्याच्या वाटा दोन, आणि त्या एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. पहिली खलाशाची, म्हणजे क्रूची. गोव्यात आणि तळकोकणात ज्यांना तारवटी म्हणतात, त्यांची. स्वयंपाकघर, केबिन, इंजिन, लहान मुलांचा खेळविभाग, हे सगळे क्रू. त्यांना डी.जी. शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याकडून सी.डी.सी., म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, काढावी लागते, सुरक्षेचं प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं लागतं, वैद्यकीय तपासणी होते, आणि करार सहसा कित्येक महिन्यांचा असतो. पगार असतो, पण यजमानांना बरोबर नेण्याची मुभा अशा नोकरीत सर्वसाधारणपणे मिळत नाही. या वाटेवरचा एजंट डी.जी. शिपिंगचा परवानाधारक असावा लागतो. त्या परवान्याला आर.पी.एस.एल. म्हणतात आणि त्याचा नंबर डी.जी. शिपिंगच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला या एजंटांना बंदी आहे. भरतीसंबंधीच्या 2016 च्या नियमांत ती आहे, आणि भारतानं 2015 मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराला मान्यता दिली, त्यातही आहे.

दुसरी वाट पाहुण्या शिक्षकाची. तुमच्या भाचीच्या फोटोतल्या बाई बहुधा याच वाटेनं गेलेल्या असणार. व्याख्याते, पत्त्यांतला ब्रिज शिकवणारे, नृत्यशिक्षक आणि चित्रकलेचे शिक्षक यांना बऱ्याच कंपन्या एका-दोन सफरींपुरतं बोलावतात. बदल्यात प्रवाशाची केबिन आणि जेवण, बहुतेकदा दोन माणसांसाठी. पगार नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा हे सहसा आपल्या खिशातून. यात मधल्या संस्थाही असतात. त्या तुमचं नाव कंपनीपर्यंत पोचवतात आणि सफर ठरली, की दिवसामागे ठरावीक शुल्क घेतात. हे शुल्क घेणं म्हणजे फसवणूक नव्हे, कारण ही नोकरीच नाही. हा सौदा आहे: तुमचा वर्ग, त्यांची केबिन.

आता तुमच्या एजंटचं बोलणं या दोन्हींशी ताडून पाहा. नोकरी असेल, तर तिच्यासाठी तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. पाहुणचार असेल, तर महिन्याचा पगार कुठून येणार? आणि खरी सफर ठरण्याआधी एकरकमी शुल्क कशाचं? पगार पहिल्या वाटेचा, यजमानांची सोय दुसऱ्या वाटेची आणि मधे मोठी रक्कम आगाऊ, अशी सरमिसळ जिथे ऐकू येते तिथून उठायचं. त्या गृहस्थांना दोन ओळी लिहून पाठवा: तुमचा आर.पी.एस.एल. नंबर कळवा, आणि माझी नोंद क्रू म्हणून होणार की पाहुणी म्हणून, ते जहाज कंपनीच्या पत्रावर द्या. ज्यांचं काम सचोटीचं असतं, त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही.

यावरून स्वेच्छानिवृत्तीचंही उत्तर मिळतं. जिथे पगार नाही, त्याच्यासाठी चार वर्षांचा पगार सोडायचा नसतो. आणि त्याची गरजही नाही. चित्रकलेच्या शिक्षकाची गरज जहाजाला मुख्यतः समुद्रातल्या दिवसांत पडते, म्हणजे ज्या दिवशी बंदर लागत नाही त्या दिवशी. बंदराच्या दिवशी सगळे गावात फिरायला उतरतात. समुद्रातल्या दिवशी दोन-अडीच हजार माणसं एका लोखंडी गावात अडकलेली असतात आणि न्याहारीनंतर काय करायचं ते शोधत असतात. असे दिवस भरपूर कधी मिळतात? जहाजं एका समुद्रातून दुसऱ्यात हलवली जातात तेव्हा. उत्तरेकडचा उन्हाळा जवळ आला, की एप्रिलच्या आसपास कॅरिबियनमधली कित्येक जहाजं अटलांटिक ओलांडून युरोपात येतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत जातात. या सफरींत ओळीनं पाच, सहा, सात दिवस जमीन दिसत नाही. आता तुमच्या शाळेचं वेळापत्रक समोर ठेवा. वसंतातल्या शेवटच्या फेऱ्या तुमच्या उन्हाळी सुट्टीच्या तोंडाशी येतात, शरदातल्या दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास. तारखा जुळल्या, तर निवृत्तीआधीही एक फेरी होऊ शकते. फक्त संस्थेकडून परदेशी जाण्याची लेखी परवानगी आधी घ्या. नाही जुळल्या, तर चार वर्षं तयारीला मिळाली असं समजा. तयारीला ती जास्त नाहीत.

खर्चाचं एक उदाहरण देतो, म्हणजे 'फुकट' या शब्दाची किंमत कळेल. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर सेवकवर्गाच्या बक्षिसीपोटी माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर धरले जातात. काही कंपन्या पाहुण्या शिक्षकांना ते माफ करतात, काही करत नाहीत. माफ नसेल, तर दोघांचे चौदा दिवसांचे 448 ते 560 डॉलर झाले. जहाजावरचा दवाखाना पैसे घेतो आणि ते थोडे नसतात. म्हणून प्रवास विम्यात समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, ते बघून घ्या. व्हिसाचं तर कंपनीकडून लेखीच हवं. अमेरिकेच्या बंदरात क्रू म्हणून उतरणाऱ्याचा व्हिसा वेगळा आणि प्रवाशाचा वेगळा. युरोपच्या सफरीत जहाज मधे तुर्कस्तानात किंवा इंग्लंडमध्ये जाऊन परत येत असेल, तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा, एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो. एकच प्रवेश असलेला व्हिसा घेऊन गेलात, तर सफरीच्या मध्यावरच अडकाल.

पैशाचं एवढंच. आता तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं घेऊ, कारण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

जहाजावरच्या वर्गांत मी शिकवलं आहे, आणि तिथे येणारा माणूस कोण असतो ते मला ठाऊक आहे. साठी-सत्तरीतला निवृत्त इंजिनिअर, परिचारिका, बँकेतला माणूस, हल्लीच जोडीदार गेलेली एखादी बाई. श्रीमंत असतात, नसतातही. कित्येकांनी वर्षानुवर्षं साठवून ही सफर केलेली असते. दारातून आत येताना जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: मला सरळ रेघसुद्धा काढता येत नाही. हे वाक्य त्यांना कुणीतरी शाळेत दिलेलं असतं. आठव्या-नवव्या वर्षी एका शिक्षकानं चित्रावर फुली मारली, आणि पुढची साठ वर्षं त्या माणसानं ब्रश धरला नाही. तुमच्या-माझ्या पेशातल्या कुणीतरी केलेलं हे नुकसान आहे. ते पाऊण तासात थोडं तरी भरून काढण्याची संधी मिळते, त्याला टाइमपास कसं म्हणायचं?

आणि नुसती भीती जाते एवढंच नाही. समजा, उद्या सकाळी जहाज नेपल्सला लागणार आहे. आज दुपारी तुम्ही वर्गात व्हेसुव्हियस रंगवून घेतलात. त्या डोंगराला दोन माथे आहेत, एक व्हेसुव्हियसचा शंकू आणि शेजारी मोंते सोम्माचा जुना कडा, मधे खोलगट जागा. डोंगराची ही आकृती ज्यानं पेन्सिलीनं एकदा काढली, मग निळसर करड्या रंगाच्या एकाच थरात भरली, तो माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे डेकवर येतो आणि डोंगराकडे बघत राहतो. इतर लोक फोटो काढून न्याहारीला जातात. हा थांबतो, कारण पायथ्याशी धुकं खरंच फिकट होत गेलेलं त्याला दिसतं. काल तुम्ही पाणी सोडून तोच पायथ्याचा रंग विरवायला सांगितला होता. बघायला शिकवणं हेच कलाशिक्षकाचं मूळ काम ना? शाळेत ते आपण दहा वर्षांत करतो आणि तिथे पाऊण तासात जेवढं होईल तेवढं. सहकाऱ्यांना हेच सांगा.

आता वर्गाचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचा तीस वर्षांचा हात इथेच उपयोगी पडेल आणि इथेच अडथळाही होईल.

प्रथम तैलरंग विसरा. टर्पेंटाइन साधारण 35 अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागतं, आणि जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी चुरगाळून टाकली, तर ती आपोआप तापून पेटू शकते. भर समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाचीच नसते. जहाजाच्या सुरक्षा अधिकाऱ्यासमोर हे नाव काढायचंही नाही. फिक्सेटिव्हचा, म्हणजे रेखाटन पुसू नये म्हणून मारायचा, स्प्रे विमानाच्या सामानातच चालत नाही. म्हणजे राहिले जलरंग, पेन्सिल, मेणखडू, पेन.

तुम्ही तैलरंगातल्या, म्हणून जलरंगाला मनातून थोडं खालचं मानत असाल, तर एक आठवण करून देतो. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तुम्ही पाहिलंच असेल, निदान कॅलेंडरवर तरी. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचं समजतात. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, 1940 च्या दशकातलं, आणि ते जलरंगात आहे. दिव्यावर धरलेल्या बोटांतून झिरपणारा तो तांबूस उजेड कागदाच्या पांढऱ्यावर पाण्याच्या थरांनी आणलेला आहे. चित्रातली बाई म्हणजे त्यांची मुलगी. त्या पुढे कोल्हापुरात राहिल्या, तुमच्यापासून तासा-दीड तासावर. या माध्यमात तुम्हाला लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आजपासून रोज थोडं जलरंगात काम सुरू करा. तैलरंगात वरून थर देऊन चूक झाकता येते. जलरंगात उजेड आधी राखून ठेवावा लागतो. शिकवायच्या आधी हे हातात मुरलं पाहिजे.

सामान मोजून न्या. 22 बाय 30 इंचांच्या एका इम्पीरियल शीटचे चार बाय चार, असे सोळा तुकडे होतात. प्रत्येक साडेपाच बाय साडेसात इंच. पाऊण तासाला हाच आकार योग्य. 300 जी.एस.एम.चं (चौरस मीटरला 300 ग्रॅम) एक शीट साधारण 128 ग्रॅम भरतं, म्हणजे पंचवीस शीटचे चारशे तुकडे सव्वातीन किलोच्या आसपास. ते घरूनच कापून न्या, जहाजावर कटर घेऊन फिरायला मिळणार नाही. काही कंपन्या रंग-कागद पुरवतात, काही पुरवत नाहीत, काही ठिकाणी परवानगी घेऊन प्रवाशांकडून सामानाचा खर्च घेता येतो. हेही आधी लेखी विचारा. रंग तीनच ठेवा: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि एक पिवळा. अल्ट्रामरीन आणि सिएना मिसळून जो करडा येतो, त्यातून ढग, डोंगर, भिंती, सगळं निघतं. बारा रंगांची पेटी समोर ठेवली, की नवखा माणूस हिरव्यातच बुडतो. पाण्याला बुटक्या, रुंद बुडाच्या वाट्या न्या. उंच ग्लास जहाजावर उलटतो, आणि खाली गालिचा असतो.

वर्ग असा घ्या. लोक यायच्या आधी प्रत्येक कागद मास्किंग टेपनं चारही बाजूंनी पुठ्ठ्यावर चिकटवलेला असू द्या. क्षितिजाच्या रेघेवर आणखी एक टेप. म्हणजे ज्याला सरळ रेघ येत नाही त्याची रेघ टेपनंच काढून ठेवलेली असते, आणि ते त्याला हसत सांगता येतं. डोंगराची कडा पेन्सिलीनं दोन मिनिटांत. मग मोठ्या ब्रशनं आकाश नुसत्या पाण्यानं ओलं करायचं, वरून निळा सोडायचा, खाली येताना फिका होऊ द्यायचा. इथे त्यांचे हात थांबत नाहीत. भीतीनं ते पुन्हा पुन्हा घासत राहतात आणि आकाशाचा चिखल होतो. म्हणून आकाश झालं, की सगळ्यांना ब्रश खाली ठेवायला लावा, अक्षरशः. आकाश वाळेपर्यंत वेगळ्या कपट्यावर निळा आणि तपकिरी मिसळून पाच प्रकारचे करडे करायला द्या. समुद्राच्या दमट हवेत, एखाद्या उघड्या डेकलगतच्या खोलीत, रंग वाळायला घरच्याहून बराच वेळ घेतो. वातानुकूलित खोलीत लवकर. पहिल्याच दिवशी त्या खोलीत आधी स्वतः एक चित्र करून वेळ लावून बघा. मग डोंगर, एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका सलग थरात, पायथ्याला पाणी. मग क्षितिजाची टेप काढून समुद्र, जवळजवळ कोरड्या ब्रशनं आडवा ओढलेला, म्हणजे खरबरीत कागदावर मधे मधे पांढरं सुटतं आणि पाणी चमकतं. शेवटी एक होडी, बोटाच्या नखाएवढी, गडद. चाळिसाव्या मिनिटाला थांबा. टेप सोलायला सांगा. कडेनं स्वच्छ पांढरी चौकट निघते आणि प्रत्येकाच्या तोंडून काहीतरी आवाज निघतो. पेन्सिलीनं सही करायला लावल्याशिवाय कुणालाही सोडू नका.

एक गोष्ट मात्र शाळेतच ठेवून जा: विद्यार्थ्याच्या कागदावर आपला ब्रश चालवण्याची सवय. इंटरमिजिएटच्या मुलाचा हात आपण धरतो, कारण त्याला परीक्षा आहे. सत्तर वर्षांच्या माणसाच्या चित्रात तुम्ही दोन सुंदर फटकारे मारलेत, की ते चित्र तुमचं झालं. तो ते केबिनमध्ये नेईल आणि पत्नीला म्हणेल, हे मॅडमनी केलंय. शेजारी आपला कपटा ठेवा, त्यावर दाखवा, आणि उठून पुढच्या टेबलाकडे जा.

आणखी एक अडचण तिथे हमखास येते. वीस जणांचं सामान मांडलेलं असतं आणि चाळीस माणसं दारात असतात. नाव नोंदवण्याचा कागद आदल्या दिवशी लावा, दोन तुकड्या पाडायची परवानगी क्रूझ डायरेक्टरकडून, म्हणजे जहाजावरच्या कार्यक्रमांच्या प्रमुखाकडून, आधीच घेऊन ठेवा. शिवाय तेच लोक रोज येतात आणि तिसऱ्या दिवशी चार नवे येतात. म्हणून प्रत्येक वर्ग स्वतंत्र हवा, आणि जुन्यांसाठी त्याच चित्रात एखादी जास्तीची पायरी हवी: नव्यांनी एक होडी, जुन्यांनी तिचं पाण्यातलं प्रतिबिंब. सफरीच्या शेवटी सगळ्यांची चित्रं एखाद्या भिंतीवर लावायची परवानगी मागा. बहुतेक मिळते.

इंग्रजीची काळजी तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. त्या वर्गात जर्मन, जपानी, ब्राझिलियन असेही असतात, त्यांचंही इंग्रजी जेमतेमच. तुम्हाला गप्पांचं इंग्रजी नको, आज्ञार्थी वाक्यांचं हवं: कागद ओला करा, थांबा, ब्रश झटका, उजेडाची जागा सोडा. अशी पन्नासेक वाक्यं लिहून काढा आणि मोठ्यानं म्हणा. हळू बोला, माइक वापरा, कारण समोरच्या निम्म्यांना कमी ऐकू येतं. त्याहून उपयोगी म्हणजे चित्राच्या चार पायऱ्यांचे चार नमुने करून समोर उभे करणं. ज्याला बोलणं कळलं नाही तो ते बघून पुढे जातो.

लोक तुम्हाला तुमच्या देशातलं काहीतरी शिकवा म्हणतील. वारली चित्र त्यासाठी फार चांगलं: त्रिकोण, वर्तुळ, रेघ, पाणी जवळजवळ नाही, तपकिरी कागद आणि पांढरा रंग पुरतो. समुद्र खवळलेला असेल त्या दिवशीही ते जमतं. पण ते कुणाचं आहे ते सांगूनच सुरुवात करा. पालघर-डहाणूच्या वारली समाजाचं, मुळात लग्नाच्या वेळी बायकांनी तांदळाच्या पिठानं भिंतीवर लिहायचं. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणलं आणि जगात नेलं. लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी पर्यटकांकडून रंगवून घेऊ नका, तो पूजेचा भाग आहे. तारपा या फुंकवाद्यावरचा नाच, झाडं, पक्षी द्या. तारप्याभोवतीचं ते वळत जाणारं रिंगण काढताना सगळा वर्ग गप्प होतो, हे मी पाहिलं आहे.

जहाज हलतं, याचा त्रास शिकवणाऱ्याला जास्त होतो, कारण आपण खाली कागदाकडे बघतो आणि पुन्हा वर. वर्गाची खोली जहाजाच्या मध्यभागी मिळते का बघा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. आलेपाक जवळ ठेवा. गोळी घ्यायचीच असेल, तर डॉक्टरांना विचारून घरी एकदा घेऊन बघा. काही गोळ्यांनी इतकी झोप येते, की वर्ग घेणं अशक्य होतं.

अर्ज कसा करायचा? कंपन्यांच्या मनोरंजन विभागाकडे थेट, किंवा मी वर सांगितलेल्या, सफर ठरल्यावरच शुल्क घेणाऱ्या संस्थांमार्फत. त्यांना लागतं ते एवढंच: एक पानाची ओळख, फोटो, सहा-आठ वर्गांची रूपरेषा, एक-दोन शिफारसपत्रं आणि तुम्ही शिकवत असतानाची छोटी चित्रफीत. ही चित्रफीत मिळवायला आणि स्वतःची परीक्षा घ्यायला, या महिन्यात तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जा. ज्यांनी शाळेनंतर रंगाला हात लावला नाही, असे बारा जण मागा. पंचेचाळीस मिनिटं, तीन रंग, सगळ्या सूचना इंग्रजीत. घड्याळ भिंतीवर. वेळेत बाराही चित्रं पुरी झाली, तर तुमचा वर्ग तयार आहे. सातच झाली, तर चित्रातलं काहीतरी कमी करा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. व्हेसुव्हियसऐवजी तिथे तुमच्याकडचा दंडोबाचा डोंगर चालेल.

राहता राहिले यजमान. दुसऱ्या वाटेनं गेलात, तर त्यांना बहुधा नेता येईल, पण केबिन तुमच्या कामाबद्दल मिळालेली आहे हे त्यांनाही माहीत हवं. समुद्रातल्या दिवशी दुपार तुमची नाही, वर्गाची आहे. सकाळी टेबलं लावायची, संध्याकाळी वाट्या धुवायच्या. कंपनीची हरकत नसेल, तर कागदाला टेप लावण्याचं काम त्यांच्याकडे द्या. चाळीस कागदांना रोज एक तास लागतो, आणि ज्येष्ठ नागरिक संघातल्या वर्गापासूनच त्यांनी हात बसवायला घेतला तर उत्तम.